‘चालेल, पहिला भाग मी सांगतो’

पोफळे सरांची आणि माझी पहिली भेट उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, एका व्हिडिओ लायब्ररीच्या काउंटरवर झाली. त्या भेटीत ते माझ्याशी एक अक्षरही बोलले नाहीत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी ‘पहिल्या परिचयापासून सुरुवात करा’ असं कळवलं आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते. परिचय असा झालाच नाही. मी फक्त त्यांना ऐकलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी कॅम्प दोनमध्येच एका शिवणाच्या कारखान्यात कापडाच्या कटिंगवर होते. आमच्या शेठला कॅसेटींचा नाद, आणि त्या परत करायचं काम माझ्या गळ्यात. लायब्ररी किशूभाईंची. सिंधी माणूस, तोंडात कायम बडीशेप. त्या दिवशी काउंटरपुढे एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेन्सिली, आणि आवाज असा की रस्त्यावरचा हातगाडीवालाही वळून बघेल.

“किशूभाई, याचा पहिला भाग कुठंय?”

“साईं, पार्ट टू है. पार्ट वन मशीन खा गया. पूरा टेप बाहर आ गया, शेवयासारखा.”

आता कुणीही शहाणा माणूस दुसरी कॅसेट मागेल. हे गृहस्थ म्हणाले, “चालेल. पहिला भाग मी सांगतो.”

कॅसेट पिशवीत टाकून निघूनही गेले. मी किशूभाईंना विचारलं, “हे कोण? वेडेबिडे आहेत का?” किशूभाई म्हणाले, “पोफळे सर. अंबरनाथला संडेला सिनेमा दाखवतो. तू जा ना एक दिवस. वेडा आहे, पण अच्छा वाला.”

आज सर साठीचे झाले. या ग्रंथात त्यांच्या ड्रॉइंग बोर्डावरच्या कामाबद्दल त्यांचे कारखान्यातले सहकारी लिहितीलच. अंबरनाथच्या त्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं यंत्रांचे आराखडे काढले, आणि त्यांच्या आराखड्यात चूक सापडली तर खालचे कामगार आधी स्वतःचा चष्मा पुसायचे, असं ऐकून आहे. मला त्यातलं काही कळत नाही. मला कळतं ते त्यांचं रविवारचं मंडळ, आणि त्या मंडळानं माझं काय केलं ते.

मंडळ भरायचं अंबरनाथ पूर्वेला, एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात. रविवारी दुपारी दोनला. खिडक्यांना गोणपाट, टेबलावर भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर, समोर मुलांचे बाक. तीस-चाळीस माणसं यायची. पहिल्या पाळीहून थेट आलेले कामगार, दोन-तीन मास्तर, काही नोकरदार बायका. सिनेमे बहुतेक परदेशी, एक चालला की त्याचा पुढचा भाग काढलेले. नावं कुणाच्या जिभेवर बसायची नाहीत, म्हणून मंडळानं आपली बारशी केली होती: ‘खाणीतला डॉक्टर’, ‘भूत आणि मोलकरीण’, ‘दीपगृहवाला’. किशूभाईंकडे पहिल्या भागांना मागणी फार, ती कॅसेट एकतर कल्याणला फिरत असायची नाहीतर मशीनच्या पोटात. दुसरे भाग मात्र धूळ खात पडलेले. म्हणून मंडळाच्या वाट्याला दुसरेच भाग आले. इथूनच सरांची ती सुप्रसिद्ध पद्धत सुरू झाली.

सर फळ्यापुढे उभे राहायचे. हातात खडू, त्यालाही पेन्सिलीसारखं टोक काढलेलं. सरांनी तो पहिला भाग मुंबईला थिएटरात पाहिलेला असायचा, आणि ते पंधरा मिनिटांत तो सांगायचे. पण सुरुवात माणसांपासून नाही. आधी फळ्यावर घराचा नकाशा. दार इथं, जिना इथं, खिडकी समुद्राकडे. “आधी घर कळू दे,” ते म्हणायचे, “माणसं मग आपोआप कळतात. कोण कुठं बसतो आणि कोणाला बसायला जागाच नाही, एवढं पाहा.” मग त्या नकाशात माणसं अक्षरांनी यायची. ‘क’ म्हणजे नवरा, ‘ख’ म्हणजे बायको. आणि खोटं नाही सांगत, त्या ‘ख’साठी डोळ्यांत पाणी आलेल्या फिटर-टर्नर लोकांना मी पाहिलंय.

मग सिनेमा. आणि सिनेमा संपला की हात वर करून मतदान: दुसरा भाग सरस की पहिला? सर हात मोजायचे आणि निकाल एका लांब वहीत लिहायचे, कारणासकट. कारण दिल्याशिवाय हात वर करायचा नाही, असा नियम. पहिला भाग आम्ही पाहिलेला नाही, तर तुलना कशाशी करतो, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. आम्ही सरांच्या सांगण्याला मतं देत होतो, आणि आपण सिनेमाला देतोय अशा समजात घरी जात होतो!

मी पहिल्यांदा गेले तेव्हा दाराशीच घुटमळले. मी तेव्हा सासर सोडून बदलापूरला बाबांकडे परत आलेली बाई होते. कोर्टाचा कागद हातात आला होता, पण आळीतल्या बायकांना कागद कोण दाखवणार? कुठंही नव्या जागी गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: “तुम्ही कुणाच्या?” आणि दुसरा: “मिस्टर काय करतात?” त्या दिवशी सरांच्या पत्नी, मालतीवहिनी, पोह्यांचा डबा घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “शेवटचा सिनेमा कुठला पाहिलात?” बस्स. मंडळात नव्या माणसाला एवढंच विचारायचं, हा सरांनी घालून दिलेला नियम होता. वहिनींनी मला शेजारी बसवून घेतलं. आता सांगताना हसू येतं, पण त्या एका प्रश्नासाठी मी पुढचे कितीतरी रविवार त्या बाकावर बसले.

सरांच्या दुसऱ्या भागांवरच्या मतांबद्दल संपादकांना विस्तारानं हवं आहे. मला जमेल तसं लिहिते. सर म्हणत, “पहिल्या भागात निम्मा वेळ ओळखी करून देण्यात जातो. लग्नातल्या पहिल्या तासासारखं. हा आतेभाऊ, हा मावसभाऊ. दुसऱ्या भागात ओळख झालेली असते. आता खरं बोलता येतं.” ‘भूत आणि मोलकरीण’चा दुसरा भाग मंडळानं एकमुखानं सरस ठरवला. पहिल्या भागात मोलकरीण भुताला घाबरते, बास, तेवढंच. दुसऱ्यात तिची भीती गेलेली असते, ती भुतादेखत भांडी घासते, आणि आता पंचाईत होते ती भुताची. कारण घाबरणारं माणूसच उरलं नाही तर भुतानं करायचं काय! आमच्यातला एक वेल्डर तेव्हा म्हणाला होता, “सर, हे आमच्या सुपरवायझरचं झालंय.” वर्ग इतका हसला की सरांना फळ्यावर डस्टर आपटावं लागलं.

सर कायम बरोबर असत असं मात्र नाही. गौरवलेख आहे म्हणून मी खोटं लिहिणार नाही. ‘खाणीतला डॉक्टर’चा दुसरा भाग त्यांना पहिल्याहून फार श्रेष्ठ वाटायचा. मंडळानं तो साफ पाडला. डॉक्टर दुसऱ्या भागात नुसता भाषणं देतो, असं कारण. सर दोन रविवार आमच्याशी तुटक बोलले. “मंडळाला खाण कळत नाही,” असं वहिनींकडे पुटपुटल्याचं वहिनींनीच आम्हाला येऊन सांगितलं. आणि कुणी शेंगा फोडल्या तर असे डोळे वटारायचे की तोंडातला दाणा तोंडातच राहायचा.

पण नियम म्हणजे नियम. एकदा ऐन रंगात, शेवटची वीस मिनिटं उरली असताना वीज गेली. तासभर वाट पाहिली. कुणीतरी म्हणालं, “सर, शेवट कळलाच आहे, मतदान उरकून घेऊ.” सर ताडकन म्हणाले, “चालू सिनेमात मत घेत नाहीत.” आणि खरोखर पुढच्या रविवारी ती वीस मिनिटं पाहायला सगळे पुन्हा आले. सरांचं हे वाक्य लक्षात असू द्या, मला ते पुन्हा लागणार आहे.

आता ‘दीपगृहवाला’. माझ्या आयुष्यात या सिनेमानं जे केलं ते देवानंही केलं नसेल.

याचाही दुसराच भाग आला होता. सरांनी फळ्यावर दीपगृह काढलं, गोल जिना काढला, आणि पहिला भाग सांगितला. दीपगृहाचा राखणदार आणि त्याची बायको. तो दिव्यापलीकडे कुणाशी बोलत नाही. ती वर्षानुवर्षं वाट पाहते. शेवटी एका सकाळी ती दिव्याच्या काचा पुसते, तेल भरते, तीन दिवसांचं जेवण करून ठेवते आणि होडीत बसून निघून जाते. सर सांगत होते आणि मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते. मग सिनेमा लागला. दुसऱ्या भागात ती बायको रिकामी बॅग घेऊन परत येते, होडीतून उतरते, आणि अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. घर सोडून गेलेल्या बाईसाठी टाळ्या! मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या. त्या रात्री मी शांत झोपले.

आणि चार महिन्यांनी किशूभाईंनी पहिल्या भागाची कॅसेट मिळवली. “सुनंदाबेन, तुमच्या सरांना सरप्राईज दो,” म्हणाले. मी उत्साहानं शेठच्या व्हीसीआरवर दुपारच्या सुट्टीत ती लावली.

काचा पुसणं नाही. तेल भरणं नाही. तीन दिवसांचं जेवण तर दूरच. पहिल्या दहा मिनिटांत ती बाई कुणा खलाशाबरोबर खिदळत पळून जाते, आणि उरलेला सिनेमाभर जो येतो तो तिला शिव्या घालतो. बस्स. बाकी नुसत्या लाटा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी मंडळ सुरू होण्याआधीच मी सरांना गाठलं. “सर, तुम्ही आम्हाला फसवलंत! ती बाई तशी नव्हतीच. तुम्ही मनानं रचलंत सगळं.”

दुसरा कुणी असता तर आवाज चढवला असता. सर खाली बाकावर बसले. म्हणाले, “हो. वाढवलं मी.”

“का?”

“सुनंदाबाई, दुसऱ्या भागात ती परत आली तेव्हा तिच्या हातातली बॅग रिकामी होती. आणि घरात शिरल्यावर तिचा हात आधी कशाकडे गेला? काचेकडे. बोटानं धूळ पाहिली तिनं. अशी बाई खिदळत पळाली असेल? दुसरा भाग करताना करणाऱ्यालाच उमगलं असणार, की पहिल्यात आपण हिच्यावर अन्याय केला. म्हणून तो दुसरा भाग चांगला. चूक सापडली आणि ती लपवावीशी वाटली नाही, तरच दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला होतो. मी फक्त ते आधी सांगून बसलो. पण तुम्हाला न विचारता सांगितलं, ही माझी चूक.”

पुढं त्यांनी जे केलं ते करायला छाती लागते. त्याच दुपारी चाळीस माणसांपुढे उभं राहून त्यांनी ते कबूल केलं. आजवर कुठल्या कुठल्या सिनेमात काय काय पदरचं घातलं, ते वही काढून एकेक सांगितलं. मंडळी आधी थक्क झाली, मग कुणी हसलं, कुणी चिडलं. त्या दिवसापासून पहिला भाग सांगताना जिथं सरांचं स्वतःचं येई, तिथं ते फळ्यावर खडूनं एक तिरकी रेघ मारायचे. रेघ दिसली की आम्ही समजायचो, हे सरांचं. माझा राग त्या रेघेनं गेला. पण मनात एक किंतू राहिलाच: गोड करून सांगायची या माणसाला हौस आहे.

याच मंडळात खिडकीजवळच्या बाकावर भास्कर बसायचे. जांभूळ गावचे. तिथल्या पाण्याच्या केंद्रावर पंप चालवायचे, आणि घरी भातशेती. बोलणं कमी, पण मतदानात कारण द्यायचे ते नेमकं. वायर निखळली की उठून बसवणार तेच. कसं कसं झालं ते इथं लिहीत नाही, ग्रंथ सरांचा आहे. एवढंच, की आम्ही दोघांनी ठरवलं. माझं लग्न झालं होतं आणि मोडलं, हे भास्करना माहीत होतं. ते म्हणाले, “आईला मी सांगितलं तर ती म्हणेल पोरगा भाळलाय. तुमच्याकडच्या मोठ्या माणसानं सांगू दे.”

आमच्याकडचं मोठं माणूस म्हणजे तात्याकाका, बाबांचे थोरले भाऊ. काकांचा जीव माझ्यावर होता, पण अब्रूवर त्याहून जास्त. बाबांना आणि मला घेऊन ते थेट सरांच्या घरी गेले. म्हणाले, “पोफळे, मंडळी खेड्यातली आहेत. लग्न झालं होतं म्हटलं की म्हातारी चहा न घेता उठेल. साखरपुडा मोडला एवढंच सांगू. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात की खरं वाटतं हो!”

मी सरांकडे पाहत होते. काकांनी नेमका तोच माणूस निवडला होता, ज्याला पहिला भाग दुरुस्त करून सांगता येतो. आणि वाईट हे, की मलाही एक क्षण वाटून गेलं, सांगू दे. सर सांगतील तर छान सांगतील. सुटेन मी. दुसऱ्याच क्षणी मनात आलं, उद्या त्या घरात नांदायचं ते रोज तिरकी रेघ लपवत? आणि कळलं तर पुन्हा बाहेर?

सर एवढंच म्हणाले, “मी येईन.” ना हो, ना नाही.

ते चार दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. कापडावर कात्री सरळ चालेना.

रविवारी सकाळी बदलापूरच्या आमच्या दोन खोल्यांत बैठक बसली. भास्कर, त्यांचे मामा आणि आई. आईंचं हिरवं लुगडं, हातांना शेतातल्या कामाचे घट्टे, नजर सगळीकडे. पोहे झाले. चहा आला. तात्याकाका खाकरले आणि म्हणाले, “हे पोफळे सर. मुलीची सगळी हकीकत यांना ठाऊक आहे. हेच सांगतील.”

सर उभे राहिले, मंडळात राहायचे तसेच. सवयीनं खिशातून टोकदार खडूही काढला. काकांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, की आता काळजी नको.

“मी आजवर पुष्कळ पहिले भाग सांगितले,” सर म्हणाले. “त्यातले काही सजवून सांगितले, ते या सुनंदाबाईंनीच पकडलं. पण ते सगळे मी पाहिलेले होते. हा भाग मी पाहिलेला नाही. इथं तो पाहिलेलं माणूस एकच आहे. त्यांची इच्छा असेल तर त्या सांगतील. नसेल तर कुणीच सांगणार नाही, आणि मीही नाही.”

आणि ते खाली वाकले, खडू माझ्यापुढे फरशीवर ठेवला, आणि आपल्या जागी जाऊन बसले.

तात्याकाकांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही, ते हा ग्रंथ वाचणार आहेत. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, इतकी हळू की इतरांना दिसलीही नसेल. मी खडू उचलला. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून मी सरांसारखं केलं. आधी घर. शहाबादी फरशीवर मी त्या घराचा नकाशा काढला. ही पुढची खोली. हे स्वयंपाकघर. ही खिडकी, हिला जाळी. हे दार. आणि दाराला, बाहेरच्या बाजूनं, मी एक कडी काढली.

“नवरा सकाळी नऊला कामावर जाताना ही कडी लावायचा,” मी म्हणाले. “संध्याकाळी सहाला काढायचा. चौदा महिने. मारहाण नव्हती. जेवायला होतं. त्यामुळे कुणाला सांगायलाही काही नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, तू नवीन आहेस, रस्ता चुकशील. एक दिवस शेजारच्या बाईंनी साखर मागायला म्हणून कडी काढली. मी त्यांना साखर दिली आणि त्यांच्या पाठोपाठ बाहेर पडले. चपला घातल्या नाहीत, कारण घालायला थांबले असते तर धीर झाला नसता. लग्न झालं होतं. साखरपुडा नव्हे, लग्न. कोर्टाचा कागद कपाटात आहे.”

सरांना पहिल्या भागाला पंधरा मिनिटं लागायची. मला चार लागली. रडले नाही. रडायचं राहूनच गेलं.

 मग भास्करच्या आई खुर्चीवरून उठल्या आणि सरळ फरशीवर, नकाशाशेजारी उकिडव्या बसल्या. बोट कडीवर ठेवलं.

“ही बायेरशी?”

“हो.”

“आन् तू आतमंदी?”

“हो.”

त्यांनी त्या खडूच्या कडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “आमच्या घराला पन बायेरशी कडी हाय, पोरी. पन ती आमी समदी शेतावर गेलो का लावतो. आतमंदी मानूस ठेवून नाय.” आणि त्यांनी आपल्या घट्टे पडलेल्या तळहातानं ती कडी फरशीवरून पुसून टाकली. मग तात्याकाकांकडे वळून म्हणाल्या, “तुमी काय बगत बसलाव? पोरीला च्या द्या. बोलून बोलून घसा सुकला तिचा.”

तेव्हा मी रडले. आणि सांगायला हरकत नाही, सरही चष्मा काढून पुसत होते, आणि काच स्वच्छच होती.

निघताना ते मला फक्त एवढं म्हणाले, “चार मिनिटांत सांगितलंत. मला उगाच पाल्हाळ लागतो.” त्यांना सहज सांगता आलं असतं. त्यांचं सगळं कौतुक ज्या एका कलेसाठी होत होतं, ती दाखवायला एवढा मोठा मोका समोर होता, आणि माझ्या भल्याचं निमित्तही होतं. ते खाली बसले. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी बोलणारे पुष्कळ झाले, सासरचे, माहेरचे, कोर्टातले. माझ्यासाठी गप्प बसून माझ्या हातात खडू देणारे हे एकटेच. सर, आज सगळ्यांदेखत लिहिते: मी तुमची ऋणी आहे, आणि हे ऋण फेडायची मला अजिबात इच्छा नाही.

त्याला आता नऊ वर्षं झाली. जांभूळच्या आमच्या घराची ती कडी अजून आहे. शेतावर जाताना शेवटी बाहेर पडते ती मीच, त्यामुळे ती लावायचं काम माझं. सासूबाईंनी पहिल्याच हंगामात ते मला देऊन टाकलं. माझी मुलगी आता दुसरीत आहे, आणि गोष्ट सांग म्हटलं की आधी घर काढायला बसते.

मधल्या काळात घरोघरी केबल आली. मंडळाची माणसं चाळिसावरून वीसवर आली, विसावरून सातवर. किशूभाई कॅसेटींचं दुकान बंद करून तिथं मोबाईल की कायसं काढायचं म्हणतात. कारखान्यात ड्रॉइंग बोर्डांच्या जागी संगणक आले आणि सर निवृत्त झाले. त्यांना वाईट वाटलं असेल, पण बोलून दाखवलं नाही. आजही रविवारी दोन वाजता तो वर्ग उघडतो. गेल्या महिन्यात आम्ही पाच जण होतो. सरांनी फळ्यावर नकाशा तसाच काढला, चाळिसांसाठी काढायचे तसा. एक तिरकी रेघही मारली. आम्ही पाचही जण हसलो.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं पेढे घेऊन मंडळात गेलो होतो. मी सरांना चिडवलं होतं, “सर, वही काढा. माझा दुसरा भाग लिहा, सरस म्हणून. हवं तर हात वर करायला सांगा सगळ्यांना.” सरांनी पेढा तोंडात टाकला, वही उघडली, माझं नाव लिहिलं आणि निकालाची जागा कोरी सोडली. म्हणाले, “सुनंदाबाई, चालू सिनेमात मत घेत नाहीत.” ती जागा आजही कोरी आहे. मी अधूनमधून वही उघडून बघते.

आता सरांचा हा सोहळा. व्यासपीठावर मोठी माणसं येतील, सरांच्या साठ वर्षांचं मोल सांगतील, निकाल देतील. माझा त्याला नम्र विरोध आहे. हा नियम तुमचाच आहे, सर. कारखाना सुटला, साठी झाली, एवढ्यानं कुणी हात वर करू नयेत. आम्हाला घाई नाही. तुमची प्रकृती धडधाकट राहो, वहिनींच्या पोह्यांचा डबा कधी रिकामा न होवो, आणि हे रीळ इतकं लांबो की आमच्या नातवंडांनाही त्याच बाकांवर बसून बघायला मिळो. आम्ही शेंगा न फोडता बसून राहू. मत घेणार नाही.